पदवीचे दिवस आणि संशोधनाची वर्षे



गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. तोवर चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती. विद्यापीठ जवळ आले. परंतु येथील विद्यार्थ्याला पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे अंतर आजही दुस्तरच आहे.

पदवीचा विद्यार्थी गरीब असला तरी एकटा नसतो. वसतिगृह, खानावळ, परीक्षेची धास्ती, सारेच सामाईक. उन्हाळ्यात तो गावी जातो, तेंदूपाने तोडून घराला हातभार लावतो. शिक्षण आणि संसार यांची सांगड तेथे कशीबशी बसते.

संशोधक विद्यार्थ्याची ती सोय संपते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षे. सुरुवातीचा अभ्यासक्रम आटोपला की वर्ग नाही, घंटा नाही. दिवस त्याचा स्वतःचा. हे स्वातंत्र्य दिसावयास मोठे. पण दहा प्राध्यापकांऐवजी भवितव्य आता एकाच मार्गदर्शकाच्या सहीला टांगलेले असते. एका विषयात नापास झालेला पदवीचा विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसतो. मार्गदर्शकाशी बिनसलेल्याला इतका सोपा मार्ग नाही. या नात्यात सरंजामशाही शिरावयास वेळ लागत नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

शिवाय वय पंचविशी-तिशीचे. घरी पैसे पाठविण्याचे. शिष्यवृत्ती नसेल तर तासिका तत्त्वावर शिकवायचे, आणि सुट्टीत तासिका नाहीत म्हणून मानधनही नाही. ज्या कुटुंबाने पदवीची तीन वर्षे सोसली, त्याने पुढची सहा कशाच्या बळावर सोसावीत? मग जंगलावरचे प्रबंध बाहेरच्यांनी लिहावेत आणि गोंड-माडिया मुलांनी त्यांचे वाटाडे नि दुभाषी व्हावे, अशी विभागणी होऊन बसते.

वास्तविक पदवीच्या वर्गात ओशाळून गप्प बसणारी माडिया बोली संशोधनात विद्यार्थ्याचे भांडवल ठरू शकते. गावातून उठलेल्या प्रश्नाचे मोल याच जिल्ह्याने दाखविले आहे. वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. तोवर या दुखण्यांची दखल क्वचितच घेतली जाई.

आणि एकटेपणावरचा उपायही याच जंगलात आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या मेंढा (लेखा) गावाने त्याआधी कितीतरी वर्षे अभ्यासगट चालविले. कायदा, जंगल, बांबू यांवर गावकरी एकत्र बसून विचार करीत आणि निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत घेत. प्रबंधाचे एखादे प्रकरण परीक्षकांकडे जाण्याआधी अशा बैठकीत, गावाच्या बोलीत वाचले गेले, तर चुका तेथेच उघड होतील आणि संशोधकाला सोबतही लाभेल. त्यासाठी भव्य इमारत लागत नाही. भामरागड-एटापल्लीपर्यंतचे प्रवासभाडे लागते, आणि दरमहा, न मागता, वेळेवर हाती पडणारी शिष्यवृत्ती लागते.