मुक्त संगणक प्रणाली : व्यवहारात कितपत भरवशाची?

'गाव करील ते राव करील काय?' आणि 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती?' या दोन म्हणी परस्परांना छेद देणाऱ्या आहेत. बँका, कारखाने, रुग्णालये व शासकीय कार्यालये यांच्यापुढे आज असलेला एक प्रश्न या दोन म्हणींतच सामावला आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून घडविलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली संगणक संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, रोजच्या व्यवहारासाठी वापरावी काय?

संगणकाच्या यंत्रसामग्रीचा आणि तिच्यावर चालणाऱ्या सर्व आज्ञावल्यांचा कारभार पाहते ती संचालन प्रणाली. ती बंद पडली की खिडकीमागचा कारकून आणि रांगेतला खातेदार दोघेही खोळंबतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' हा उपक्रम जाहीर केला. आज्ञावली कोणालाही वाचता यावी, सुधारता यावी व इतरांना देता यावी, हे त्याचे सूत्र होते. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा तयार केला. या दोहोंच्या आधारे १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी 'डेबियन' या प्रकल्पाचा पाया घातला.

अशा प्रणालींच्या क्षमतेविषयी आता शंका उरलेली नाही. जगातील सर्वांत शक्तिशाली पाचशे संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील काही संगणकांवर २०१३ मध्ये डेबियनची योजना झाली. आपल्या देशात 'सी-डॅक' या संस्थेने 'बॉस' ही प्रणाली डेबियनच्याच आधारे विकसित केली, आणि मुक्त आज्ञावलींचा स्वीकार करण्याचे धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले.

मग अडचण कोठे आहे? ती 'सेंटओएस'च्या उदाहरणावरून ध्यानात येते. 'रेड हॅट' या कंपनीच्या सशुल्क प्रणालीची खुली आज्ञावली घेऊन तयार झालेली ही विनामूल्य प्रणाली २००४ पासून असंख्य संस्थांनी वापरली. २०१४ मध्ये हा प्रकल्प त्याच कंपनीच्या छत्राखाली गेला. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल, या भरवशावर अनेकांनी आपली कामे तिच्यावर नेली. परंतु डिसेंबर २०२० मध्ये, ही आवृत्ती २०२१ च्या अखेरीसच थांबेल, असे जाहीर झाले. आठ वर्षांची निश्चिंती एका वर्षावर आली. ज्यांनी शुल्क दिले नव्हते, त्यांना दाद मागण्यास जागाही नव्हती.

तथापि गोष्ट येथे संपत नाही. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे २०२१ मध्येच 'अल्मालिनक्स' व 'रॉकी लिनक्स' या दोन पर्यायी प्रणाली उभ्या राहिल्या आणि वापरणाऱ्यांना वाट मिळाली. मालकीच्या प्रणालीचा मालक थांबला तर ती पुढे चालविण्याचा हक्क इतर कोणालाच नसतो. हा भेद मोलाचा आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. प्रणाली फुकट आहे की विकतची, यापेक्षा तिचा कारभार कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे. डेबियनला स्वतःची लिखित घटना आहे. तिचा प्रमुख दरवर्षी सदस्यांच्या मतदानाने निवडला जातो, आणि प्रणालीतील दोष लपविले जाणार नाहीत, असे वचन १९९७ च्या सामाजिक करारात दिलेले आहे. एका कंपनीच्या निर्णयाने असा प्रकल्प बंद पडत नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे तत्त्व नवे वाटू नये.

सुरक्षिततेचा प्रश्नही असाच दुहेरी आहे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लहानशा साधनात चोरवाट घातल्याचे आढळले. घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास संपादन केला होता. स्वयंसेवकांवर विसंबण्यातला हा धोका होय. परंतु आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला आणि आज्ञावली खुली असल्याने त्याला मुळाशी जाता आले. ती आवृत्ती डेबियनच्या स्थिर शाखेपर्यंत पोहोचलीच नव्हती. नव्याचा सोस न धरणे हेच तेथे संरक्षण ठरले.

यास्तव अशी प्रणाली स्वीकारताना चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली, आवृत्ती स्थिर असावी आणि तिच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील ती तारीख दप्तरी नोंदलेली असावी. डेबियनच्या बाबतीत दीर्घ देखभाल धरून ही मुदत साधारण पाच वर्षांची असते. दुसरी, संस्थेच्या कामाची आज्ञावली, छपाई यंत्रे व इतर उपकरणे तिच्यावर चालतात याची आधी वेगळ्या संगणकावर चाचणी व्हावी. तिसरी, माहितीची प्रत रोज वेगळी ठेवली जावी आणि ती परत भरता येते, हे अधूनमधून करून पाहावे. चौथी व सर्वांत महत्त्वाची, रात्री-अपरात्री धावून येणारा जाणकार माणूस संस्थेत असावा किंवा तसा करार केलेला असावा. परवान्याचे पैसे वाचतात. देखभालीचे वाचविता येत नाहीत.

सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांना मोफत असते. पण गाळ काढण्याची पाळी ठरलेली नसेल, तर उन्हाळ्यात ती विहीर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. समाजाने घडविलेली संगणक प्रणाली व्यापारी कामास निश्चितच योग्य आहे. मात्र ती घेणाऱ्याने गाळ काढण्याची आपली पाळी मान्य केली पाहिजे. ती मान्य केली तर 'गाव करील' ही म्हण खरी ठरते, आणि टाळली तर बारभाईंची शेती पदरी येते.