उभ्याने खाल्लेले घास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "आहार आणि वजन" हा विषय माझ्याकडे दिला, तेव्हा मी म्हटले की हे काम डॉक्टरांचे किंवा आहारशास्त्र शिकलेल्या बाईंचे आहे. त्या म्हणाल्या, "काय खाऊ नये हे डॉक्टर सांगतातच. सुरुवात कोठून करायची हे कोणी सांगत नाही. तुम्ही आधी फसलात, मग थोडे जमले, तेवढेच सांगा." तेव्हा फसल्याचा दाखला म्हणून मला येथे उभे केले आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे.

पाच वर्षांपूर्वी माझे वजन ७८ किलो होते. आमचे क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबू लागले, आणि कोणी पाहिले तर पिशवीत काहीतरी शोधत असल्याचे दाखवू लागले. रक्त तपासले तेव्हा साखर काठावर निघाली. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम महिनोन् महिने भरली नाही आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली, हे मी जवळून पाहिलेले. त्यामुळे मला भय वाटले ते आरशाचे नव्हे, त्या पायाचे.

भ्यालेला माणूस मोठी प्रतिज्ञा करतो. आपल्या विदर्भातलेच, काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार आपल्या व्याख्यानातून मांडला होता, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. २०१८ च्या सुमारास घरोघरी त्याचीच चर्चा होती. खरी भूक लागेल तेव्हा जेवायचे, असे दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, मध्ये काही खायचे नाही, आणि रोज ४५ मिनिटे चालायचे, असे ते थोडक्यात आहे. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर थोडे थोडे पण वेळेवर खा, असे सांगत होत्या, आणि आपल्या बायकांत दोन पक्ष पडले होते. मी दोघांपैकी कोणाच्याही विरुद्ध बोलायला आलेली नाही. मी दोन जेवणांचे ऐकले, पण अर्धेच ऐकले. सकाळचे खाणे सोडले, बाकी सारे तसेच ठेवले. दुपारी चारला डोळ्यांपुढे अंधारी येई, मग डब्यात हात जाई आणि उभ्याउभ्या मूठभर शंकरपाळे पोटात जात. बाराव्या दिवशी प्रतिज्ञा मोडली. (ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही जेवण सोडू नये. माझे पुढचे सारे बोलणे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.)

मग माझ्या भाचीने एक युक्ती सांगितली. ती म्हणाली, "मावशी, आठ दिवस काहीच बदलू नकोस. फक्त जे तोंडात जाईल ते लिही." मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने घेतली. आठ दिवसांनी वाचले आणि मलाच हसू आले. बसून जेवल्याची नोंद तेरा वेळा होती. उभ्याने खाल्ल्याची त्रेचाळीस वेळा.

हे कसे झाले ते कॉलरीतल्या बायकांना वेगळे सांगायला नको. आपल्या घरातली चूल खाणीच्या पाळीवर चालते. त्या आठवड्यात यजमानांची दुसरी पाळी होती. मुलगा पहाटे वणीला कामावर निघे, त्याच्याबरोबर चहा आणि पोळीचा तुकडा. सासूबाई उठल्या की त्यांच्याबरोबर चहा. यजमान उठले की पुन्हा चहा आणि पोहे, कारण एकट्या माणसापुढे ताट ठेवून आपण बाजूला कसे बसायचे? भाजीचे मीठ पाहताना एक चमचा, ते बरोबर झाल्याची खात्री करताना दुसरा. सासूबाईंच्या ताटात उरलेला भात. मुलाच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी. आणि मध्यरात्र उलटल्यावर यजमान घरी आले की त्यांच्या सोबतीला चार घास. माझे रात्रीचे जेवण तर साडेआठलाच झालेले असे! रातपाळीच्या आठवड्यात हाच फेरा उलटा चाले. मी कधीच पोटभर जेवत नसे, म्हणून मला वाटे की मी कमी खाते.

अन्न टाकू नये हे आपल्या हाडीमांसी खिळलेले आहे, आणि ते योग्यच आहे. सासूबाईंनी लहानपणी रेशनच्या धान्याचे दिवस काढले आहेत. त्यांच्यापुढे ताटातला घास टाकणे मला आजही जमत नाही. परंतु उरलेले अन्न पोटात टाकले काय आणि बाहेर टाकले काय, भूक नसताना त्याचा उपयोग एकच. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. कणीक एका पोळीने कमी मळू लागले. आणि रात्रीची भाकरी उरली तर सकाळी कांदा-मोहरीची फोडणी देऊन तिचा कुस्करा, तोच माझा नाश्ता. त्याच्यावर पोहे नाहीत. तिसरा नियम माझ्या स्वतःपुरता: जे खायचे ते ताटलीत वाढून, बसून. एवढ्यानेच त्रेचाळीसचे दहाबारा झाले. पहिल्या महिन्यात मी याखेरीज काहीही केले नाही, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला माझे सांगणे हेच की पहिल्या महिन्यात याहून जास्त काही करू नये.

दुसऱ्या महिन्यात चहा हाती घेतला. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे रोजची ५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाला २५ ग्रॅमच्या आतच राहावे असे म्हटले आहे. वर्षाचा हिशेब केला तर माझ्या एकटीच्या चहात अठरा किलो साखर जात होती. पोते डोळ्यांपुढे आले! एकदम सोडायला गेले असते तर पुन्हा शंकरपाळे झाले असते. म्हणून दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला, आणि पाचाचे तीन चहा केले. जिभेला तीन महिने लागले. आता कोणाकडे गोड चहा मिळाला की तो मला पाकासारखा लागतो.

तेलाचे मात्र घरात भांडण झाले. तर्री दिसली नाही तर रस्सा कसला, असे आमच्याकडे सर्वांचे मत. पिष्टात किंवा प्रथिनांत ग्रॅममागे ४ उष्मांक असतात, तेलात ९. त्यामुळे एक मोठा चमचा तेल कमी झाले की शंभराहून अधिक उष्मांक वाचतात आणि पोटाला कळतही नाही. मी वाद घातला नाही. तेलाच्या डब्यावर फोडल्याची तारीख लिहू लागले. चार माणसांच्या घराला महिन्याला पाच किलो लागत होते. माणशी दिवसाला ३० ग्रॅम धरले तर साडेतीन किलोच्या आसपास पुरायला हवे. तेथवर यायला सहा महिने गेले. रविवारच्या रश्शाला तर्री आजही असते. बाकीचे सहा दिवस ती नसते, आणि कोणी विचारत नाही.

ज्वारीबद्दल पुष्कळजणी विचारतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून भाकरीला पुन्हा मान आला, हे चांगलेच झाले. पण स्पष्ट सांगते, ज्वारीचे आणि गव्हाचे उष्मांक जवळजवळ सारखेच आहेत. तीन पोळ्यांऐवजी तीन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर वजन कमी होण्याचे कारण नाही. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते, आणि एकीने पोट भरते. खरा बदल ताटाच्या दुसऱ्या बाजूला हवा. त्याच संस्थेचे म्हणणे असे की दिवसाच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा. आपल्याकडे भात-पोळीचा डोंगर आणि भाजी तोंडी लावायला, असा उलटा प्रकार आहे. यासाठी परगावची महागडी फळे आणायला नकोत. पहिल्या पावसानंतर तरोटा येतो, उन्हाळ्यात चिवळ येते, आंबाडी आहे, चवळाई आहे, थंडीत पोपटाच्या शेंगा आहेत. आठवडी बाजारात कडेला बसलेल्या बाया हेच घेऊन बसतात. सोबत वरण घट्ट असावे. आपले वरण इतके पातळ असते की त्यात डाळ शोधावी लागते, आणि भूक लवकर लागण्याचे ते एक कारण आहे.

येथे एक धोक्याची सूचना. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरांपैकी २४ स्त्रियांचे वजन जास्त आढळले. त्याच पाहणीत शंभरांपैकी ५७ जणींना पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असल्याचे दिसले. एकाच बाईला दोन्ही असू शकते. मलाही होते. म्हणून कमी करायचे ते साखर, तेल, मैदा आणि दुसऱ्यांदा वाढलेला भात. पालेभाजी, डाळ, अंडे नव्हे. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर अधिक लागते. आणि उपासाने वजन उतरते असे ज्यांना वाटते त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीचा विचार करावा: निव्वळ पिष्ट, त्यात तूप, वर दाण्याचे कूट. एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत.

पहिल्या वर्षात माझे वजन ७२ वर आले. शेजारणी यजमानांना बाजूला घेऊन विचारू लागल्या, "बाईंना बरं नाही का?" सासूबाईंना तर अपमान वाटला, सून खात्यापित्या घरची दिसली पाहिजे. मग काटा अडला. आठ महिने तो जागचा हलला नाही. रोज पहाटे कोळशाच्या गाड्यांची धूळ उठायच्या आत कॉलनीत अर्धा तास चालत होते, मे महिन्यात ऊन ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा तर पाचलाच. तरी काही नाही. मला वाटले, झाले ते पुरे.

तेव्हा भाचीने मला चेन्नईच्या एका अभ्यासाविषयी सांगितले. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर काठावर असलेल्या ५३१ जणांवर तो केला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला आणि साखर, तेल, भात आवरायला लावले, त्यांच्यापैकी शंभरी ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते! हे ऐकून मी काटा पलंगाखाली सरकवला आणि चालणे चालू ठेवले. आज माझे वजन ७० आहे, सडपातळ तर मी मुळीच नाही. साखर पाच वर्षांपूर्वी होती तेथेच, काठावर आहे. आत पडलेली नाही. जिन्याच्या वळणावर मी आता पिशवीत काही शोधत नाही.

काट्यापेक्षा टेप बरी, असे माझे मत झाले आहे. बेंबीच्या जरा वर कंबर मोजावी. आपल्याकडच्या स्त्रियांत ती ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर साखर तपासून घ्यावी. मंडळाच्या कपाटात शिवणवर्गाची टेप आहे. ज्यांना मोजायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत यावे. आकडा वहीत मी स्वतः लिहीन, कोणाला वाचून दाखवणार नाही. वही दुधाच्या हिशेबाचीच आणली आहे.

चहा झाल्याची खूण चिटणीसबाई करीत आहेत. तो आज बिनसाखरेचा करायला मी सांगितले होते. साखरेची वाटी आणि चमचा टेबलाच्या टोकाला ठेवला आहे. ज्यांना हवी त्यांनी घ्यावी, पण चहा बसून प्यावा.