जवान घरी आला, पुढे काय?

(रामपायली येथे माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच आम्ही आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी परिसरातील एक जवान सेवा पूर्ण करून गावी परतला. आम्ही बँड लावला, गुलाल उधळला, शाल-श्रीफळ दिले, फोटो काढले. त्यानंतर दोन वर्षे आमच्यापैकी एकही जण त्याच्या घरी गेला नाही. मग एक दिवस त्याची पत्नी पेन्शनचा कागद घेऊन आमच्याकडे आली. कागदावर तिचे नाव चुकीचे होते. आम्ही अर्ज लिहून दिला. उठता उठता ती म्हणाली, "भाऊ, ह्या कागदाचं होऊन जाईल. पन ते रात्रभर अंगणात फिरत राहतात, पोराचं ताट भिरकावतात, त्याचा अर्ज कोणाकडे करायचा?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजचा मेळावा त्या प्रश्नासाठी आहे.

आपल्याकडे समज असा आहे की जवान रेल्वेतून उतरला, की तो घरी आला. थोडा विचार करा. बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात. तरुणपणाची सारी वर्षे पलटणीत गेलेली असतात. उठायचे कधी, जेवायचे कधी, कोणाचा हुकूम मानायचा, हे सारे ठरलेले असते. शेजारचा सोबती जिवाला जीव देणारा असतो. गावी आल्यावर यातले काहीच नसते. इकडे घरही बदललेले असते. धानाची रोवणी, बँक, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचे दवाखाने हे सर्व पंधरा-वीस वर्षे एकट्या बाईने सांभाळलेले असते. आता घरात दोन कारभारी होतात. मुलांना वडील सुट्टीतल्या पाहुण्यासारखे माहीत असतात. यात वाईट कोणीच नाही, पण घरात भांडण रोजचे होते. त्यात बर्फातली, चकमकीतली एखादी आठवण मनात रुतून बसली असेल तर झोप जाते आणि दारू जवळ येते. लोक म्हणतात, "फौजी आहे, पिणारच." असे म्हणून आपण हात झटकतो.

शरीराची जखम आपल्या देशाला फार पूर्वी कळली. अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवणारी पुण्याजवळच्या खडकीची क्वीन मेरीज संस्था १९१७ सालची आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र खडकीतच १९७४ साली सुरू झाले. मनाची जखम कळायला जगालाच उशीर लागला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९७९ साली वस्तीवस्तीत छोटी समुपदेशन केंद्रे उघडली. ती मुद्दाम इस्पितळाबाहेर ठेवली, कारण इस्पितळाची पायरी चढायला सैनिक लाजत होते. तिथे बोलणारे अनेक जण स्वतः माजी सैनिक असतात आणि बायको-मुलांनाही सोबत बसवले जाते. आज तिथे अशी सुमारे ३०० केंद्रे आहेत. युद्धाच्या आघाताने जडणाऱ्या मनोविकाराला त्यांच्या वैद्यकशास्त्राच्या यादीत स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली. म्हणजे आधी केंद्रे उघडली, नाव नंतर पडले. आपणही कोणाच्या शिक्क्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

आमची अडचण मात्र वेगळी आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे, लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथे निवृत्त होऊन आलेला माणूस पारावर बसला, की त्याचे न सांगितलेलेही समजणारे चार जण शेजारी असतात. आमच्या बालाघाटच्या कित्येक खेड्यांत माजी सैनिक एक असतो, फार तर दोन. तो बोलणार कोणाशी? त्याची बायको तरी कोणाला विचारणार?

दुसरी अडचण भाषेची आणि सीमेची. १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो, वैनगंगेपलीकडचे सोयरे मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेले. आज आपल्या घरांत मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी बोलली जाते आणि सरकारी कागद हिंदीत किंवा इंग्रजीत येतो. अर्ज हिंदीत भरता येतो, त्याला आमची हरकत नाही. पण रात्री झोप का लागत नाही, हे माणूस आईच्या भाषेतच सांगतो. महाराष्ट्र सरकारने २०२० साली आपल्याकडील माजी सैनिकांना मालमत्ता करात माफी दिली. आम्ही त्या तिजोरीवर हक्क सांगत नाही. आम्हाला हवी आहेत ती आमच्या भाषेत ऐकून घेणारी माणसे, आणि ती गोंदियाहून इकडे यायला कोणताही कायदा आड येत नाही.

वीरपत्नींबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कोवळ्या वयात कपाळ पांढरे झालेल्या बाईच्या पेन्शनवरून घरात ओढाताण होते, ती माहेरी जाते की सासरी राहते यावर तर्क चालतात, आणि पुष्कळदा दिराचे नाव पुढे केले जाते. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू ठेवायचा तर दिराशीच लग्न करावे, अशी अट सरकारी नियमातच होती. ती २०१७ साली काढून टाकण्यात आली. नियम बदलला, पण गावच्या मनातली अट अजून निघालेली नाही. अशा बाईला कायदा समजावून सांगणारी आणि तिचा निर्णय तिलाच घेऊ देणारी बाईच तिच्यासोबत बसली पाहिजे.

आणखी दोन घटक विसरू नका. हा जिल्हा अनेक दशके नक्षली हिंसेत होरपळला. १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांचीच हत्या झाली, यावरून काळ ओळखा. या जंगलात राबलेले पोलीस आणि केंद्रीय राखीव दलाचे जवान कागदोपत्री 'माजी सैनिक' नाहीत, पण त्यांच्या घरची रात्र तशीच असते. दुसरे अग्निवीर. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनी चारपैकी फार तर एक जण सैन्यात कायम होतो. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी येतात. हातात सेवानिधीची रक्कम असते, पेन्शन नसते आणि माजी सैनिकाचा दर्जाही नसतो. त्यांना आजच आपल्यात घेतले नाही, तर उद्या शोधत फिरावे लागेल.

काहीच सोय नाही असे आम्ही म्हणत नाही. माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, २००३ पासून आहे. सैनिक कल्याण विभाग आहे. 'टेली मानस' ही मोफत फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, तो आजच भिंतीवर लिहून ठेवा. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या डिसेंबरात या सेवेचा सैन्यदलांसाठी खास कक्ष सुरू झाला. पण फोन उचलण्याइतका धीर यायलाही आधी शेजारी कोणी तरी बसावे लागते. ते काम सरकारचे नाही, आपले आहे.

म्हणून मंडळाने ठरवले आहे. बहुतेक पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. आपल्या श्रीराम बालाजीची कार्तिक पौर्णिमेची यात्राही त्याच सुमारास भरते. चंदन नदीच्या काठी यात्रेत आमचा एक मंडप राहील. तिथे दाखले, नावातील चुका, कुटुंब पेन्शनचे अर्ज अशी कामे होतील. कागदाच्या निमित्ताने माणूस येतो, लाजत नाही. मंडपाच्या मागच्या बाजूला दोन खाटा आणि चहा असेल. एकीकडे वयस्क माजी सैनिक बसतील, दुसरीकडे अनुभवी सैनिकपत्नी. ते उपदेश करणार नाहीत, फक्त ऐकतील. ऐकलेले बाहेर जाणार नाही, ही आमची जबाबदारी. ज्याला औषधाची गरज आहे त्याला डॉक्टरकडे सोबत घेऊन जाऊ, कारण आजार बोलण्याने बरा होतो असे आम्ही कोणाला सांगणार नाही. आणि गावात जवान परतला, की सत्कारानंतर पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षाने, असे तीनदा दोघांनी त्याच्या घरी जायचे.

शासनाकडे आमच्या मागण्या चारच आहेत. सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी तहसील पातळीवर यावे. त्यांच्यासोबत मराठी व गोंडी जाणणारा समुपदेशक असावा, त्यांत एक स्त्री असावी. निवृत्तीपूर्वीच्या प्रशिक्षणात नोकरीबरोबर घराचाही विषय घ्यावा आणि पत्नीला बोलवावे. राखीव दलाचे व पोलीस जवान आणि अग्निवीर यांना ही दारे बंद नसावीत. निवडणुकीत शहिदांच्या नावाने मते मागणाऱ्या सर्व पक्षांना आम्ही हे लेखी देणार आहोत, आणि कोणी काय उत्तर दिले ते याच पत्रिकेत छापणार आहोत.

ज्या ताईंनी तो प्रश्न विचारला, त्यांच्या कागदावरचे नाव पुढे दुरुस्त झाले. त्यांचे पती उपचार घेत आहेत. रात्री अजून उठतात, पण आता शेजारचे एक जुने हवालदार कंदील घेऊन त्यांच्यासोबत बांधापर्यंत जाऊन येतात. असे हवालदार प्रत्येक गावात हवे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी मेळावा संपल्यावर आपले नाव आणि गाव नोंदवूनच जावे, ही विनंती.

जय हिंद!