हवेतलं चित्र आणि तंजावुरी सोनं

हवेत तरंगणारी, बोटानं हलवता येणारी चित्रं आता प्रदर्शनांत दिसू लागली आहेत. समोर फूल उमललेलं असतं. बोट नेलं की पाकळ्या मिटतात, आणि बोटाला लागत काहीच नाही.

पण प्रकाश आपणहून हवेत थांबत नाही. यातल्या एका प्रकारच्या यंत्रात खाली साधा पडदा लपवलेला असतो आणि त्याच्यावर बारीक आरशांची पट्टी तिरपी बसवलेली असते. पडद्यावरच्या एका बिंदूतून फाकलेले किरण पट्टीच्या पलीकडे पुन्हा एका बिंदूत जमतात, तिथून पुढे डोळ्यात शिरतात, आणि वस्तू तिथेच आहे असं डोळा ठरवून टाकतो. बोटाचा माग काढतो तो अवरक्त किरणांचा संवेदक. गंमत म्हणजे खालचा पडदा सपाट असेल, तर हवेतलं चित्रही सपाटच! २०२२च्या जानेवारीत दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजींची २८ फुटी प्रकाशमूर्ती उभी राहिली, तीही जवळजवळ पारदर्शक अशा पडद्यावरच.

भोसल्यांच्या तंजावुरात चितारी नेमके उलट्या बाजूनं गेले. त्यांनी चित्रालाच खरा उठाव दिला. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लेपानं दागिने, खांब, महिरपी उंच करायच्या, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. ही चित्रं देवघरातल्या समईसाठी होती. ज्योत हलली की सोन्यावरची चमक जागा बदलते. आपण सरकलो तरी बदलते. शिवाय ती दोन्ही डोळ्यांना सारखी दिसत नाही, म्हणून सोनं जिवंत वाटतं. पाहणाऱ्याच्या हालचालीला चित्रानं उत्तर द्यायचं, हे काम इथे विजेविना होत होतं. संग्रहालयातल्या ट्यूबलाइटनं मात्र त्याची पार वाट लावली आहे, असं माझं मत.

याच तंजावुरात दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२ या काळातले राजे, डोळ्यांच्या आजारांत लक्ष घालत होते. त्यांच्या वेळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, आजारी डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

तंजावूरला गेलात, तर बाळकृष्णाच्या एखाद्या जुन्या चित्रासमोर एक डोळा मिटून स्थिर उभे राहा. उठाव बराचसा ओसरेल. मग तसेच, डोळा न उघडता, दोन पावलं बाजूला सरका, आणि त्याच्या गळ्यातल्या हाराकडे बघा.