रहस्यकादंबरीची पहिली आवृत्ती : संग्राहकाची आणि ग्रंथालयाची

(शताब्दी महोत्सवात दिलेले भाषण)



शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या, कोश आणि चरित्रग्रंथ यांचा गौरव व्हावा हे स्वाभाविकच आहे. आजचा विषय मात्र कपाटाच्या खालच्या फळीवरचा आहे. रहस्यकादंबरी हा सर्वाधिक वाचला गेलेला आणि सर्वांत कमी जपला गेलेला साहित्यप्रकार होय. त्याच्या पहिल्या आवृत्त्या जमविण्याच्या छंदाला इंग्लंड-अमेरिकेत प्रतिष्ठा लाभली आहे. त्या छंदाची रीत समजून घेतली, तर आपल्या कपाटांकडे पाहण्याची दृष्टीही थोडी बदलेल.

संग्राहक ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो, तेव्हा त्याला पहिल्या मुद्रणाची प्रत अभिप्रेत असते. ती ओळखण्याच्या खुणा मोठ्या मौजेच्या आहेत. कॉनन डॉइल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी १९०२ साली लंडनच्या जॉर्ज न्यून्स यांनी प्रसिद्ध केली. तिच्या तेराव्या पानावर तिसऱ्या ओळीत ‘युअर’च्या जागी ‘यू’ असे छापले गेले. हा मुद्रणदोष ज्या प्रतीत आहे ती आधीची. मुद्रितशोधकाची डुलकी येथे साक्षीदाराचे काम करते! अगाथा ख्रिस्ती यांच्या पहिल्या कादंबरीची गोष्ट निराळी. लेखिका इंग्लिश, परंतु ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ प्रथम न्यूयॉर्क येथे १९२० साली निघाली. लंडनची आवृत्ती १९२१ मधली. कालक्रम मानणारा संग्राहक अमेरिकन प्रत शोधतो, तर लेखिकेच्या मायदेशातील पहिली प्रत हवी असणारा लंडनची.

इयन फ्लेमिंग यांच्या ‘कॅसिनो रॉयल’चे उदाहरण ग्रंथालयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. जेम्स बाँडची ही पहिली कादंबरी जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने १३ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध केली. पहिल्या मुद्रणाच्या प्रती अवघ्या ४,७२८. त्या महिनाभरात संपल्या आणि मे महिन्यात दुसरे मुद्रण करावे लागले. वेष्टनाची कल्पना स्वतः फ्लेमिंग यांची. पहिल्या वेष्टनाच्या आतील घडीवर ‘संडे टाइम्स’चा अभिप्राय नाही, पुढच्या मुद्रणाच्या वेष्टनावर तो आहे. एवढ्याशा फरकावर आज प्रतीचे मोल ठरते, आणि वेष्टनच हरवले असेल तर ते मोल कितीतरी पटींनी घसरते.

या पहिल्या मुद्रणाच्या बऱ्याच प्रती सार्वजनिक ग्रंथालयांनी घेतल्या होत्या. तेथे त्यांवर शिक्के बसले, वेष्टने गेली, पाने झिजली. संग्राहक अशा प्रतीला नाक मुरडतो. परंतु क्षणभर विचार करावा : हाताळलीच न गेलेली निष्कलंक प्रत प्रकाशकाने काय छापले एवढेच सांगते. शिक्के, परतीच्या तारखा आणि दुमडलेले कोपरे असलेली प्रत ते पुस्तक समाजाने कसे वाचले हे सांगते. साहित्याच्या इतिहासाला या दोन्ही साक्षी हव्या असतात.

मराठीत तर दोन्हीही दुर्मिळ होत चालल्या आहेत. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवून वाचकांच्या पिढ्या जागविल्या. बाबूराव अर्नाळकर यांच्या नावावर तर १९३६ ते १९८४ या काळातील १,०९२ रहस्यकथापुस्तकांची नोंद गिनीज बुकात झाली. झुंजार आणि काळापहाड ही नावे घराघरांत पोहोचली. परंतु त्यांच्या पहिल्या आवृत्त्या आज शोधू गेल्यास हाती काय लागते? स्वस्त कागद, पातळ मुखपृष्ठ, हातोहात फिरणारी प्रत आणि शेवटी रद्दीची तागडी. हे पुस्तक कोणी तिरस्काराने नष्ट केले नाही. ते प्रेमाने वाचून वाचून संपविले गेले.

उरलेल्या प्रतींवर ग्रंथालयांच्या चांगल्या हेतूनेही आघात केला. पुस्तक टिकावे म्हणून बांधणीला दिले, की मुखपृष्ठ जाते, कडा कापल्या जातात आणि त्यांबरोबर चित्रकाराचे नाव, किंमत, कधी प्रकाशनवर्षही जाते. १८६७ च्या कायद्यानुसार पुस्तकांची नोंदणी होत असे. तीत आवृत्ती, प्रतींची संख्या आणि किंमतही असे. त्या नोंदींवरून पुस्तक निघाले हे कळेल. पण ते दिसत कसे होते, हे प्रतच सांगू शकते.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाला थोडकी विनंती करावीशी वाटते. जीर्ण पुस्तके बाद करण्याची यादी सिद्ध होईल, तेव्हा रहस्यकथांची पाने सरसकट रद्दीत जाऊ नयेत. प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती, वर्ष, मुद्रक आणि किंमत तपासून दाखल-नोंदवहीत लिहावी. पहिली आवृत्ती आढळल्यास ती देवघेवीतून काढून वेगळ्या कपाटात ठेवावी. बांधणीपूर्वी मुखपृष्ठ सोडवून पाकिटात जपावे. जुने शिक्के व तारखांचे कागद काढू नयेत. सभासदांनीही घरातील माळ्यावरचे गठ्ठे रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा ग्रंथपालांना दाखवावेत.

या कामाला मोठा निधी लागत नाही. एक नोंदवही, काही पाकिटे आणि रविवारची दुपार पुरते. येत्या शतकातील अभ्यासक जेव्हा विचारील की सामान्य मराठी माणूस रात्री दिवा लावून काय वाचीत होता, तेव्हा त्याचे उत्तर या ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर सापडावे, एवढीच अपेक्षा.