दुखणे अंगावर काढू नये



घरातील प्रत्येकाच्या औषधाची वेळ सांभाळणारी स्त्री स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढते. आणि ते दुखणे गर्भाशयाचे असेल, तर ते सांगायला तिची जीभ रेटत नाही. या मौनाची किंमत फार मोठी आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते, तर सुमारे ८० हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. वेळेवर तपासणी झाल्यास बहुतांशी टाळता येणारा हा रोग आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वर्षे वयाच्या अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी काळी करून घेतल्याचे आढळले.

हा रोग एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा म्हणजेच एचपीव्ही नावाचा विषाणू त्याच्या मुळाशी असतो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वैवाहिक जीवनात बहुतेक स्त्री-पुरुषांचा या विषाणूशी कधी ना कधी संबंध येतो आणि बहुतेकांचे शरीर दोनएक वर्षांत त्याला परतवून लावते. काही स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून राहतो. पेशींमध्ये सावकाश बदल होत जातात आणि कर्करोग होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. हा दीर्घ काळ म्हणजेच रोगाला अडविण्याची संधी होय.

या संधीचे मोल महाराष्ट्रातील खेड्यांनीच जगाला दाखवून दिले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक विशाल अभ्यास केला. ४९७ गावांतील १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली होती त्यात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला तपासणी नव्हती त्यात ६४. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. त्या ६४ जणींचे स्मरण ठेवूनच या ज्ञानाचा उपयोग व्हायला हवा.

मग अडते कुठे? बहुतेकदा तपासणीच्या टेबलावर. अनोळखी व्यक्तीसमोर झोपून तपासून घ्यायचे या कल्पनेनेच अनेक जणी माघार घेतात. या संकोचावर आता एक साधा उपाय उपलब्ध आहे, तो म्हणजे स्वतःच घेतलेला नमुना. बंद खोलीत स्त्रीने मऊ ब्रश किंवा कापसाची काडी योनिमार्गात अलगद घालायची, सांगितल्याप्रमाणे काही वेळा फिरवायची आणि नळीत ठेवून परत द्यायची. पाळीच्या दिवसांत हा नमुना घेऊ नये. पीसीआर पद्धतीच्या एचपीव्ही चाचणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच जवळपास विश्वसनीय ठरला आहे. पॅप चाचणीसाठी मात्र तो चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. मलेशियात २०१८ पासून असे नमुने घेऊन निकाल मोबाइलवर कळविण्याचा उपक्रम झाला.

उलव्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. येथे आगरी-कोळी गावांतील जुनी घरे आहेत, सिडकोच्या वसाहतीत नव्याने आलेली कुटुंबे आहेत आणि बांधकामावर राबणाऱ्या मजूर भगिनीही आहेत. टाटा स्मारक केंद्राची संस्था जवळच खारघरला आहे. परंतु जिची एक दिवसाची मजुरी बुडते, जिच्या लेकराला सांभाळायला कोणी नाही, तिला ते जवळचे अंतरही लांबचे वाटते. सुखवस्तू घरातील सासूबाईंना अंतर अडवीत नाही. त्यांना लाज अडवते. दोघींचीही वाट हा स्व-नमुना सोपी करू शकतो.

मात्र नमुना घेतला म्हणजे कार्य संपले असे नव्हे. विषाणू आढळला याचा अर्थ कर्करोग झाला असा नाही, आणि स्त्रीच्या किंवा तिच्या पतीच्या चारित्र्यावर तो डागही नाही. तो संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो. अशा स्त्रीची पुढील तपासणी तज्ज्ञांकडूनच व्हावी लागते. पेशींत बदल आढळलाच, तर गोठवून किंवा उष्णतेने तो भाग नष्ट करण्याचे उपचार पुष्कळदा रुग्णालयात दाखल न होता करता येतात. ज्या शिबिरात चाचणी होते, पण पुढे हात धरून नेणारे कोणी नसते, ते शिबिर केवळ भीती वाटून जाते. तसेच पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव होणे किंवा दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे ही लक्षणे असतील, तर चाचणीची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.

औषधदानाची परंपरा या समाजाला नवी नाही. महिला मंडळातील चार भगिनींनी प्रथम स्वतः चाचणी करून घ्यावी, मग घरी काम करणाऱ्या बाईंना तिची माहिती द्यावी आणि जिचा अहवाल सदोष येईल तिच्यासोबत रुग्णालयाच्या दारापर्यंत जावे. तिच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय झाली, तर ते दान खऱ्या अर्थाने सत्पात्री पडेल. घरातील पुरुषांनीही एवढे करावे, की पत्नीला, आईला, बहिणीला एकदा आपणहून विचारावे, “तुझी तपासणी झाली का?” या एका प्रश्नाने कित्येक वर्षांचे मौन सुटू शकेल.

जय जिनेंद्र.