दादाभाई नवरोजी : पांच मतें आणि साठ वर्षें

अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रो गाडीच्या वाटेवर डी. एन. नगर हें स्थानक लागतें. रोज हजारों माणसें तेथें चढतात, उतरतात. पण या दोन अक्षरांमागें कोणाचें नांव आहे, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येत असेल. तें नांव दादाभाई नवरोजींचें. पुढचेंच स्थानक वर्सोव्याचें. वर्सोवा हें कोळ्यांचें शांत खेडें होतें त्या काळीं, तेथल्या समुद्रकांठीं, दादाभाईंनीं आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें काढलीं.

श्रोतेहो, ब्रिटिश पार्लमेंटचे हिंदी सभासद म्हणून दादाभाईंचें नांव शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें. परंतु पार्लमेंटांतली त्यांची कारकीर्द अवघी तीन वर्षांची, आणि ती मिळाली पांच मतांच्या आधिक्यानें. उलट त्यांची लोकसेवा साठ वर्षांची. तेव्हां या पुरुषाचें मोठेपण त्या तीन वर्षांत शोधावयाचें कीं साठ वर्षांत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणें पारशी धर्मोपदेशकांचें, पण गरिबीचें. चार वर्षांचे असतांनाच पितृछत्र हरपलें. माता माणेकबाई निरक्षर. तरी मुलाच्या शिक्षणांत त्यांनीं खंड पडूं दिला नाहीं. शाळा फुकट होती म्हणूनच दादाभाई शिकले, आणि लोकांच्या पैशानें मिळालेली विद्या लोकांच्याच कामीं लावली पाहिजे, ही गांठ त्यांनीं मनाशीं तेव्हांच बांधली. एल्फिन्स्टनमध्यें ते गणिताचे पहिले हिंदी प्राध्यापक झाले. मित्रांच्या साह्यानें १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढल्या. १८५१ सालीं ‘रास्त गोफ्तार’ हें पत्र सुरू केलें. १८५५ सालीं कामा पेढीचे भागीदार म्हणून ते विलायतेस गेले. पण गणिताचा पेशा सुटला तरी गणित कांहीं सुटलें नाहीं.

तें गणित देशाच्या दारिद्र्याचें होतें. १८७६ सालीं त्यांनीं मुंबईंत ‘हिंदुस्थानचें दारिद्र्य’ या विषयावर निबंध वाचला. सरकारनें स्वतःच छापलेल्या अहवालांतून आंकडे घेऊन त्यांनीं बेरीज मांडली : ब्रिटिश हिंदुस्थानांतील १७ कोटी लोकांचें उत्पन्न दर माणशीं वर्षाला २० रुपये! मग तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्यांनीं त्या शेजारीं ठेवला. चांगल्या सुगीच्या सालींसुद्धां प्रामाणिक रयतेला कैद्याइतकें अन्नवस्त्रही जेमतेमच पुरेल, असें त्यांतून दिसून आलें. पैसा जातो कोठें? मोठ्या जागा इंग्रजांच्या हातीं. त्यांचे पगार, त्यांचीं पेन्शनें आणि राज्यकारभाराचा विलायतेंतला खर्च यांच्या रूपानें तो समुद्रापार वाहत जातो. दादाभाईंनीं यांत कोणाला शिवी दिली नाहीं. नुसता हिशेब दाखविला. आणि हिशेबाला उत्तर देणें शिवीला उत्तर देण्याहून अवघड असतें.

हा हिशेब पार्लमेंटापुढें मांडावा म्हणून ते निवडणुकीस उभे राहिले. १८८६ सालीं होबर्न येथें पराभव झाला. १८८८ सालीं पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं ‘काळा माणूस’ म्हणून त्यांचा जाहीर सभेंत उपहास केला. त्या उद्गारानें दादाभाईंचें नांव इंग्लंडभर झालें. १८९२ सालीं मध्य फिन्सबरीच्या मतदारांनीं त्यांना उदारमतवादी पक्षाचे सभासद म्हणून निवडून दिलें. अवेस्तेवर हात ठेवून त्यांनीं शपथ घेतली.

आणि मग २ जून १८९३ चा दिवस आला. सनदी नोकरीची परीक्षा तोंपर्यंत केवळ लंडनमध्येंच होई. समुद्र ओलांडण्याचा खर्च कितीशा घरांना झेपणार? परीक्षा एकाच वेळीं हिंदुस्थानांतही व्हावी, असा ठराव कॉमन्स सभेनें ८४ विरुद्ध ७६ मतांनीं मंजूर केला. न्यायानें जिंकलें असें कोणालाही वाटलें असतें! परंतु सरकारनें प्रांतांचे अभिप्राय मागविले. मद्रासखेरीज सर्वांनीं विरोध केला, आणि ठराव कागदावरच राहिला. १८९५ सालीं दादाभाई निवडणूक हरले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर सभासद म्हणून ते पुढें पांच वर्षें तेच आंकडे मांडीत राहिले. १९०१ सालीं त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १९०६ सालीं पुन्हां उमेदवारी, पुन्हां पराभव.

दुसरा कोणी असता तर थकला असता. दादाभाईंनीं मात्र या अनुभवाचा ताळेबंद काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, वयाच्या ८२ व्या वर्षीं, कलकत्त्याच्या काँग्रेसचें अध्यक्षपद त्यांनीं तिसऱ्यांदा स्वीकारलें. आवाज क्षीण झाला होता, म्हणून भाषण गोखल्यांनीं वाचलें. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर जन्मभर विसंबलेल्या या वृद्धानें त्या भाषणांत मागणी केली ती ‘स्वराज्या’ची. अर्जविनंत्यांना हंसणाऱ्या तरुणांनीं हें ध्यानीं घ्यावयास हवें कीं, अर्जांचे सारे दरवाजे स्वतः ठोठावून पाहिलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द आला होता. म्हणूनच त्याला वजन आलें.

१९०७ सालीं ते स्वदेशीं परतले आणि वर्सोव्यास राहिले. ३० जून १९१७ रोजीं वयाच्या ९२ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानांत, अलाहाबादेस, प्रथम झाली ती १९२२ सालीं. म्हणजे कॉमन्स सभेच्या ठरावानंतर २९ वर्षांनीं आणि दादाभाईंच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं. तेथें बसलेल्या उमेदवारांपैकीं किती जणांना त्यांची आठवण झाली असेल?

पद मिळतें, जातें. मतें कधीं पांचांनीं अधिक पडतात, कधीं शेंकड्यांनीं उणीं. लोकसेवकाची खरी परीक्षा पराभवाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं होते. त्या दिवशीं दादाभाई पुन्हां आंकडे मांडावयास बसत. साठ वर्षांत असे दिवस पुष्कळ आले. आणि त्यांनीं एकही वायां जाऊं दिला नाहीं.